रिकाम्या पेटीतली जवारी

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत जैतुन शिकलगारला ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही, पण दुकानाच्या पाटीवर तिचं नाव शोधायला जाल तर फसाल. पाटीवर वर तिच्या वडिलांचं नाव आहे, दस्तगीर शिकलगार, आणि खाली भावाचं, सिकंदर. सिकंदर बोलण्यात पटाईत. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, भोपळ्याचं कौतुक सांगायचं, फोटो काढून घ्यायचे, हे त्याचं खातं. मागच्या खोलीत कानस घेऊन घोडी घासत बसायचं, हे जैतुनचं. परगावचे गवई म्हणायचे, सिकंदरभाईंचा हात काय गोड आहे, आणि सिकंदरही कधी 'माझा नव्हे' म्हणाला नाही. एकसष्टाव्या वर्षी जैतुनला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता, आणि ती गोष्ट मोडायला आली होती.

ती गोष्ट म्हणजे गायिका वत्सलामाई हेर्लेकरांच्या तानपुऱ्याची घोडी. तानपुऱ्याच्या चार तारा भोपळ्याजवळ ज्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. वरून ती सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला केसाएवढा उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला हलकेच घासत राहते आणि एका सुरातून अनेक सूर उमलायला लागतात. तिलाच म्हणतात जवारी. कानशीचा एक हात जास्त पडला की तार किरकिरते, एक कमी पडला की मुकी होते. माईंची घोडी दस्तगीर मास्तरांनी साठ वर्षांपूर्वी सांबरशिंगातून घासली होती. तसं शिंग आता कायद्याने मिळत नाही आणि तसा हात कायद्याने सुद्धा मिळत नाही. अब्बा गेले त्याला चोवीस वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वी त्या घोडीला एक बारीक चीर दिसली. तेव्हापासून जैतुन उंटाच्या हाडावर हुबेहूब तशी जवारी काढायला बघत होती. चाळीसएक घोड्या घासल्या. प्रत्येक वेळी काहीतरी उणं राहायचं. काय, ते तिला सांगता येत नसे. चीर मात्र दर वर्षी पुढे सरकत होती.

भोरच्या डोंगरातल्या प्रयोगशाळेतून डॉ. शाल्मली टिल्लू पहिल्यांदा दुकानात आली ती अशा वेळी. तिशी-पस्तिशीची मुलगी, लहानपणी गाणं शिकलेली. तिचा छोटा तानपुरा याच दुकानातला.

"मावशी, मला तुमचा हात हवाय," ती म्हणाली. सिकंदर गल्ल्यावरून उठायला लागला, तशी तिने मागच्या खोलीकडे बोट केलं. "तुमचा नाही काका, यांचा."

जैतुनला ती तिथेच आवडली.

शाल्मलीचं म्हणणं ऐकून आधी तिला वाटलं, पोरीला ऊन लागलंय. शाल्मली म्हणत होती की वस्तू एकीकडे ठेवून तिचा गुण दुसरीकडे ठेवता येतो.

"म्हणजे साखर या डब्यात आणि गोडी त्या डब्यात?"

"हं. तसंच."

"मग चहात काय घालायचं?"

शाल्मली हसली आणि शांतपणे सांगायला बसली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही कल्पना कागदावर मांडली गेली. न्यूट्रॉन नावाचा एक अतिसूक्ष्म कण असतो आणि त्याला स्वतःचं चुंबकत्व असतं. शास्त्रज्ञांनी त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. शेवटी कण एका ठराविक तऱ्हेने बाहेर पडला तरच तो धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. धरलेल्या कणांचा कल बघितला तर कण गेले होते एका वाटेने आणि त्यांचं चुंबकत्व दिसत होतं दुसऱ्या वाटेवर, जिथे कणच नव्हते. पुढे अणूंवर हेच झालं. आता शाल्मलीच्या यंत्राने ते बोटभर वस्तूवर करता येत होतं. वस्तू इतकी गार करायची की तिचे सगळे अणू एकदिलाने वागतात, मग तिच्यापुढे दोन पेट्यांच्या दोन वाटा ठेवायच्या.

"एकच अट असते," शाल्मली म्हणाली. "मधे डोकावायचं नाही. जोरात डोकावलं, मग कुठल्याही पेटीत का असेना, की वस्तू आणि गुण एकाच जागी सापडतात. नुसता पुसटसा स्पर्श करायचा. एका स्पर्शातून काहीच कळत नाही. लाखो वेळा केला की कळतं."

जैतुनने विचार केला. "शंभर भाकरी टाकायच्या, त्यातल्या फुगल्या त्या चारच मोजायच्या, आणि म्हणायचं आमच्याकडं सगळ्या भाकरी फुगतात. असंच की नाही?"

शाल्मली म्हणाली, "माझे गुरुजी पहिल्यापासून हेच म्हणत आले. त्यांच्या मते गुण वेगळा होतच नाही, आपण निवड अशी करतो की तसं वाटतं. माझं म्हणणं, होतो. आम्ही अजून भांडतोय." मग ती म्हणाली, "मला जवारी हवीय, मावशी. चुंबकत्व कुणाला ऐकू येत नाही. ही येईल. आणि तुमच्या अब्बांची घोडी तुटायला आलीय म्हणतात. शिंग तुटेल ते तुटेल. जवारी वाचवता आली तर?"

माईंच्या गाण्याची पाचशे तासांची ध्वनिमुद्रणं होती, पण जैतुनच्या लेखी ती नसल्यासारखी. ध्वनिमुद्रणात एकदा झालेला आवाज असतो. खरा तानपुरा गाणाऱ्याला जबाब देतो. माईंनी गंधार लावला की त्याच्या तारा आपल्याआप त्या गंधाराने जाग्या होतात. जवारी म्हणजे आवाज नव्हे, तर आवाज देण्याची ताकद. ती वाचणार असेल तर जैतुन भोरलाच काय, चंद्रावरही जायला तयार होती. माईंना फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माई कोल्हापुरात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "ने. पण मी आहे तोवर परत आण."

*

प्रयोगशाळा डोंगराच्या पोटात होती, रेल्वे आणि हमरस्त्याच्या हादऱ्यांपासून लांब. डावीकडे एक पेटी, उजवीकडे एक पेटी, मधे नळ्यांचं जंजाळ. घोडी पेटीत बसवून तिच्यावर एकच तार ताणली होती, खर्जाची. बाहेरून जाड हातमोज्यांत हात घालून आत काम करता येत असे.

पहिले तीन आठवडे यंत्र रुसलेलंच होतं. पुसटसा स्पर्श करायला शाल्मलीने जी सुई बनवली होती, ती जगातली सगळ्यांत हलकी सुई होती म्हणे, तरी तिचा भार पडायचाच आणि सगळं विस्कटायचं. जैतुन बघत बसायची. एके दिवशी तिने पदराच्या टोकाचा एक दोरा ओढून काढला.

"आम्ही तारेखाली सूत घालतो. जीवा म्हणतात त्याला. सूत तारेला धरत नाही, सोडत पण नाही. तुमची सुई शिकलेली हाय, म्हणून विचारत सुटलीया. सुताला काही विचारायचं नसतं."

शाल्मलीच्या हाताखालची पोरं हसली. शाल्मली हसली नाही. तिने त्या दोऱ्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा बारीक तंतू मागवला, सुईच्या टोकाला लावला, आणि तो कुठे टेकवायचा ते जैतुनने हातमोज्यातून दाखवलं. एक आठवडा त्या दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मॅडमची 'बाळा' कधी झाली ते जैतुनलाही कळलं नाही.

आणि ते झालं. डाव्या पेटीतल्या शिंगाला तंतू टेकत होता, लाखो वेळा, आणि पडद्यावर रेघ सपाट येत होती. शिंग होतं, पण नुसतं हाड. उजव्या पेटीत हवासुद्धा नव्हती. शाल्मलीने कानाला लावायचं यंत्र जैतुनच्या डोक्यावर चढवलं. लाखो पुसट स्पर्शांची बेरीज करून संगणक त्यातून एक आवाज उभा करत होता. फार लांबून आल्यासारखा, पण तोच. अब्बांची जवारी, रिकाम्या पेटीत, कशाचाही आधार नसताना. चोवीस वर्षांत जैतुन रडली नव्हती, ती तिथे स्टुलावर बसून मनसोक्त रडली.

"किती दिवस राहील?"

"थंडी आहे तोवर. शंभर वर्षंसुद्धा."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. महिन्याभरात प्रयोगशाळेकडे चौदाशे अर्ज आले. कुणाला वडिलांच्या सनईचा गुण ठेवायचा होता, कुणाला आजीच्या जात्याचा. एका गृहस्थाने बायकोची बांगडी पाठवली आणि लिहिलं, हिची किणकिण. शाल्मली ती पत्रं वाचून दाखवायची आणि मधेच थांबायची. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांपुढे प्रयोग दाखवायची तारीख ठरली. तिचे गुरुजीसुद्धा येणार होते, आणि शाल्मलीच्या आयुष्याची दहा वर्षं त्या एका सकाळवर उभी होती.

तारखेच्या चार दिवस आधी माईंचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"जैतुन, कुठंवर आलंय तुझं? चैत्रापर्यंत टिकेन असं डॉक्टरला वाटतंय. मला वाटत नाही. एकदा गायचंय गं मला."

जैतुनने "आणते माई" म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ ती उजव्या पेटीकडे बघत राहिली. मग शाल्मलीला विचारलं, "बाळा, या पेटीपुढं माई गायल्या, तर ही जवारी त्यांना जबाब देईल?"

शाल्मलीने खरं ते सांगितलं. "नाही. जबाब देणं म्हणजे आवाजाने तिला हात लावणं आणि तिने तो परत करणं. तेवढं केलं की ती परत शिंगात."

"म्हणजे आहे, पण कामाची न्हाई."

"आहे, मावशी. एवढंच."

पोरीची दहा वर्षं पणाला लागलेली होती. तिला काही मागायची जैतुनची जीभ उचलली नाही. प्रयोग होऊ दे, मग बघू, असं तिने ठरवलं.

*

शिकलगारांच्या दुकानात एक रीत आहे. सकाळी जो पहिल्यांदा आत येईल त्याने समोरच्या साजाचा खर्ज एकदा छेडायचा. सलामच तो. साज रात्रभर मुका असतो, त्याला मुका ठेवून कामाला बसायचं नाही. जैतुन सात वर्षांची असताना अब्बांनी तिला हे शिकवलं, आणि चोपन्न वर्षांत ती सकाळ चुकली असेल तर बाळंतपणांत. भोरला आल्यावर पेटीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, 'तार छेडू नये.' जैतुनने ती रोज वाचली होती. पण रोज तिच्या आधी कुणीतरी येऊन पेटीशी उभं असे.

प्रयोगाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. पाहुणे साडेदहाला येणार होते. तंतू सरकला तर नाही ना, एवढंच बघायला तिने हातमोज्यांत हात घातले. सगळं जागच्या जागी होतं. तिला बरं वाटलं. आणि जित्याची खोड म्हणतात ती ही, तिच्या उजव्या हाताच्या बोटाने तार छेडली.

पेटीच्या जाड काचेतून काही ऐकू यायचं नव्हतं. पण पडद्यावर डाव्या बाजूची सपाट रेघ उसळून उभी राहिली, भरघोस, शंभर शिखरांची, आणि उजवीकडची विझली. जवारी घरी आली होती. हातमोज्यातल्या बोटाला मात्र आणखी एक गोष्ट जाणवली. शिंगात बारीक टकटक झाली होती. चीर पुढे गेली होती.

शाल्मली आली तेव्हा जैतुन स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उलटे, तळवे वर.

"मी केलं, बाळा. सलाम केला. सवयीनं."

शाल्मलीने पडदा पाहिला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. ती दाराबाहेर गेली, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, परत आली. रागावली होती, आणि तो राग रास्त होता.

"दहा वर्षं, मावशी."

"व्हय."

"पाटी लावली होती मी."

"रोज वाचत होते गं."

यावर शाल्मलीला हसूही येईना आणि रडूही. तिने चीर भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघितली. मग डोळे पुसत म्हणाली, "हे अजून एकदा थंडीत जाईल. पंधरा दिवसांत परत सगळं जुळवता येईल. पण त्यानंतर कधीच बाहेर काढता येणार नाही. बाहेर काढलं की भुगा होईल. जवारी उजव्या पेटीत कायमची राहील. नाहीतर असंच वाजवलं, तर तास-दोन तास वाजेल. मग संपलं. मावशी, शिंग तुमच्या घरचं आहे. मी सांगणार नाही काय करायचं ते."

जैतुनने भिंगातून स्वतः चीर पाहिली. ज्यासाठी ती अकरा वर्षं झुरली ते समोर होतं. अब्बांचा हात शंभर वर्षं टिकेल, कुणाच्या हाताला न लागता. आणि कोल्हापुरात एक म्हातारी वाट बघत होती.

"अब्बा साज बनवायचे," ती म्हणाली. "गाणाऱ्यासाठी बनवायचे. मला कोल्हापूरला सोडशील?" मग तिने पिशवीतून उंटाच्या हाडाची एक घोडी काढली. "पाहुण्यांसाठी ही घे. माझी आहे, अब्बांची न्हवं. पण जवारी हाय तिला. तुझ्या गुरुजींना सांग, पंधरा दिवसांनी या."

शाल्मलीने ती हातात घेऊन उजेडात फिरवली. "पंधरा दिवस कशाला? तीनच पुरतील. हिला चीर नाही." मग पाहुण्यांपुढे जाऊन तिने काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बारा वाजता ती गाडीची किल्ली घेऊन आली.

*

माईंच्या घरी त्या चारच्या सुमारास पोचल्या. राजारामपुरीतलं छोटं घर, खिडकीत तुळस, खाटेशेजारी तानपुऱ्याचा रिकामा गवसणीतला सांगाडा. माई फार वाळल्या होत्या. डोळे मात्र तेच होते. जैतुनने सांबरशिंगाची घोडी बसवली, तारा चढवल्या, सूत सरकवलं. शाल्मलीने माईंना उशांच्या आधाराने बसवलं.

"कोण गं ही?"

"शास्त्रज्ञ हाय, माई. जवारी पेटीत ठेवणारी."

"मग आता बाहेर बसून ऐक म्हणावं," माई म्हणाल्या, आणि शाल्मलीचा हात धरून तिला खाटेवरच बसवून घेतलं.

जैतुनने तानपुरा छेडला. खोली भरली. माईंनी भीमपलास लावला. आवाज थकलेला होता, षड्जावर पोचताना अडखळला, पण पोचला, आणि तानपुऱ्याने त्याला जबाब दिला. शाल्मली मान खाली घालून बसली होती. तिच्या यंत्राने लाखो स्पर्शांतून जे गोळा केलं होतं ते इथे एका मिंडीत होतं. माई वीस मिनिटं गायल्या असतील. मग टक् असा आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे झाले आणि तारा खाली बसल्या. जवारी गेली.

जैतुनचा हात तारांवरच राहिला. साठ वर्षांचा तो आवाज आता कुठेच नव्हता, रिकाम्या पेटीतसुद्धा नव्हता, आणि तो तिने स्वतः जाऊ दिला होता.

माई थांबल्या नव्हत्या. डोळे मिटून त्या षड्जावर नुसता आकार धरून होत्या. शाल्मलीने एकदम मान वर केली. "मावशी, ऐकताय?"

जैतुनला ऐकू आलं. माईंच्या आवाजात, अगदी तळाशी, ती बारीक खुसखुस होती. त्या तानपुऱ्यापाशी साठ वर्षं बसून गळ्याने ती उचलली होती. गवई म्हणतातच की अमक्याच्या आवाजाला जवारी आहे. जैतुनने हे हजारदा ऐकलं होतं आणि एकदाही त्याचा विचार केला नव्हता.

"थांबू नका माई," ती म्हणाली. पिशवीतून उंटाच्या हाडाची दुसरी घोडी काढली, ती नेहमी बरोबर असायचीच. बसवली, तार छेडली, कानस घेतली. एक हात. ऐकलं. अर्धा हात. ऐकलं. आजवर ती आठवणीवर घासत होती, आज माईंच्या गळ्यावर घासत होती. शाल्मली खाली बसून सूत धरून होती, न सांगता, जिथे धरायचं तिथेच. उन्हं खिडकीतून भिंतीवर गेली. माई मधे पाणी प्यायल्या आणि पुन्हा आकार लावला. आणि एका क्षणी तार आणि गळा असे एकमेकांत गेले की कुठलं कुणाचं ते कळेना. जैतुनने कानस खाली ठेवली.

माईंनी डोळे उघडले. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"जैतुन, हे दस्तगीरचं नाही."

जैतुनचा चेहरा उतरला. "नाही का, माई? काय उणं आहे?"

"उणं काही नाही. दस्तगीरच्या जवारीत गोडी थोडी जास्तच होती. पंचमावर नको तेवढी ओघळायची. मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं."

"साठ वर्षं?"

"एवढ्या मायेने करून दिलेली. कशी सांगणार? मग सवय झाली. नवऱ्याच्या घोरण्याचीही होते गं. ते थांबलं की झोप लागत नाही, म्हणून काही ते गाणं ठरत नाही." माई खुदकन हसल्या आणि त्यांना खोकला आला. तो शमल्यावर त्या म्हणाल्या, "मी गाताना ती गोडी गळ्याने कापून काढत असायची. तू नेमकी तेवढीच घासलीस."

चाळीस घोड्यांत जे उणं वाटत होतं ते अब्बांचं जास्तीचं होतं, आणि जैतुन अकरा वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत बसली होती. तिला हसू आलं, मग ते आवरेना. शाल्मलीही हसायला लागली. डोळे दोघींचेही वाहत होते.

निघताना शाल्मलीने शिंगाचे दोन तुकडे रुमालात बांधून तिच्या हातात दिले. जैतुनने ते पिशवीत टाकले आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली, खाटेशेजारच्या तानपुऱ्याचा खर्ज एकदा छेडला, आणि मग माईंच्या पाया पडली.